एस्तेरची दाढ

तीन वर्षांत संगमनेरच्या एस्तेरने अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या औषधाची एक वेळ चुकवली नव्हती. सासूची, रत्नाबाईंची, कवळीही ती रोज घासायची. स्वतःच्या किडलेल्या दाढेत मात्र लवंग धरून दिवस ढकलायची. गरम लागलं की कळ मस्तकात जायची, म्हणून तिने सासूला भरवायची पेज आधी चाखून बघणंच सोडलं. आणि एका सकाळी रत्नाबाईंची जीभ पोळली.

“तुज्या दाढंपायी माजी जीभ भाजली,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात जा. तवर मी तोंड उघडनार न्हाई.”

दाढ उपटणार, या धास्तीने एस्तेर खुर्चीत बसली. पण डॉक्टरीण म्हणाली, “वाचेल. आणखी महिनाभर उशीर केला असता तर काढावीच लागली असती.”

तीन खेपांनंतर आज दाढेवर टोपी बसली. एस्तेर जवळजवळ पळतच घरी आली. वाफाळत्या पेजेचा चमचा तिने फुंकर घालून त्याच बाजूने तोंडात घेतला. कळ आलीच नाही! तिने दुसरा घेतला, मग तिसरा.

“आत्याबाई, काहीच दुखत नाही!”

“मंग मला दे की,” रत्नाबाई म्हणाल्या. “का सगळी तूच खानार?”