निंबाखाली जोडलेला जॉइंट

बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवटचा उन्हाळा. आमच्या भिंगारच्या घरात दत्त महाराजांच्या तसबिरीपुढे रोज दिवा लागत होता, पण तो लावताना माझं मन तिथे नसायचं. आभाळ कोरडं, विहिरी कोरड्या, आणि त्यातच ह्यांचा उजवा हात मोडून प्लॅस्टरमध्ये गेलेला. ऐकणारं कुणी आहे का, असं वाटायचं. तोंडानं मात्र मी कुणाला तसं बोलले नव्हते.

ह्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती आणि ती भाड्यानं चालवत. काही दिवसांपासून वळण घेताना पुढच्या चाकातून कट् कट् असा आवाज यायचा. आतला जॉइंट झिजलाय, हे ह्यांनी ओळखलं आणि भंगारातून दुसरा आणूनही ठेवला. मग हात मोडला आणि गाडी अंगणात उभी राहिली, ती राहिलीच.

अशातच एका सकाळी आमचे जावई एस.टी.नं आले. पाथर्डीच्या पलीकडे त्यांचं गाव. सुमनला, आमच्या एकुलत्या लेकीला, आठवा सरून नववा लागला होता. जावई ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आई, तिच्या अंगावर लई सूज चढलीय. डोळ्यांपुढं अंधारी येती. सुईण म्हणती, माझ्या हातातलं न्हाई, नगरला न्या." गावाची वाट नदीच्या कोरड्या पात्रातून जायची, गुडघाभर वाळूतून. गावचे बैल गुरांच्या छावणीत बांधलेले. तिथून तिला आणायचं तर जीपच हवी, आणि ती पुढच्या चाकांनीही ओढणारी. नगरातल्या भाड्याच्या साऱ्या जीपा दुष्काळी कामांवर लागलेल्या. "तुम्ही तिच्याजवळ जा," हे जावयांना म्हणाले, "आम्ही गाडी घेऊन येतो." त्यांचा आवाज ठाम होता. पण मला ठाऊक होतं, गाडीचा मिस्त्री लग्नाला परगावी गेलाय.

शेजारचे बाबूभाई मिलिटरीत ड्रायव्हर होते. ड्यूटीवर जाण्याआधी त्यांनी जीप ठोकळ्यांवर चढवली, चाक उतरवलं, आतला दांडा बाहेर ओढून काढला. "भाभी, नवा जॉइंट तेवढा जोडून ठेवा. दुपारी सुटलो की बसवतो आणि गाडी मीच चालवतो," म्हणून ते गेले. पण भंगारातून आणलेला तो जॉइंट सुट्या भागांत होता. दोन दांडे, त्यांच्या टोकांना एकमेकांत अडकणारे दोन पंजे, आणि फडक्यात बांधलेल्या मोठ्या बोराएवढ्या पोलादी गोळ्या. आरपार भोक असलेली एक मधोमध बसायची आणि खिळीनं अडकवायची, बाकीच्या चार तिच्या भोवती, पंज्यांमधल्या खाचांत. ह्यांनी हे काम दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. "तू माझे हात हो," ते म्हणाले. मी पदर खोचला आणि निंबाखाली पोतं अंथरलं.

सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. ग्रीस माखलेली मधली गोळी बसवली, भोवतीच्या तीन बसल्या. चौथी काही केल्या जाईना. वरून दाबली, खालून सरकवली. ह्यांनी सांगितलं म्हणून लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं ठोकली, तर ती उडून धुळीत पडली. पुसायची, पुन्हा लावायची, पुन्हा तेच. ऊन चढत गेलं. ह्यांचा आवाज चढला, मग खाली आला. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. सगळं कसं पांढरं पांढरं झालं होतं. निंबाची पानं हलत नव्हती. त्या दांड्याचं ओझं मांडीवर घेऊन माझाही डोळा लागला असावा, कारण मला सुमन दिसली, अगदी लहान, परकरातली, वाळूतून चालणारी. ती चालत होती आणि मागे पाऊल उमटत नव्हतं.

"माय, पानी मिळंल का?"

मी दचकून पाहिलं. कुंपणाशी एक बाई उभी होती. खडी फोडून परतणारी असावी. हिरवं विटकं लुगडं, केसांवर दगडाची पांढरी भुकटी, पदरात दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची पुरचुंडी. मी माठातलं पाणी दिलं. ती उकिडवी बसून सावकाश प्याली आणि माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, "काय अडलंय?"

"शेवटची गोळी जात नाही."

"मग रेटतीस कशाला? लेकरू अडलं तर सुईण वढून काढती व्हय? आत हात घालून वळवून घेती."

सुमनबद्दल मी तिला एक शब्द बोलले नव्हते. माझं बोट आपोआप मधल्या गोळीवर गेलं. ती मी वळवली, आणि ग्रीसखाली बोटाला एक चपटी जागा लागली. ती जागा रिकाम्या खाचेसमोर आणून चौथी गोळी टेकवली. जोर लावावा लागला नाही. पाण्यात खडा जावा तशी ती आत गेली. मधली गोळी परत फिरवल्यावर तिचं भोक पंज्याच्या भोकासमोर आलं आणि खीळही सहज बसली. "अहो, बसली!" मी ओरडले. हे धडपडत उठले. आम्ही दोघं त्या जॉइंटकडे बघतोय, तोवर बाई रस्त्याला लागली होती. उन्हाच्या झळांत तिचं हिरवं लुगडं थोडा वेळ हललं आणि दिसेनासं झालं. माठाच्या झाकणावर मूठभर सुकडी ठेवलेली होती.

बाबूभाईंनी येऊन दांडा बसवला, चाक चढवलं. उन्हं कलताना आम्ही त्या पात्रात उतरलो. मागची चाकं रुतली, गाडी थरथरली, मग पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि जीप सावकाश, नावेसारखी डुलत पलीकडे गेली. परतताना सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. मी नामस्मरण करायला गेले तर शब्द आठवेना. मग तो प्रयत्नही सोडला, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, आणि आपल्याला कुणीतरी वाहून नेतंय, असं शांत शांत वाटत राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची बरीच धावपळ झाली. झटके यायला लागले होते, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्या नंतर म्हणाल्या. सुमन वाचली. मुलगी झाली, मूठभर, पण रडली खणखणीत.

त्या बाईला मी शोधलं नाही. शोधलं असतं तर कदाचित सापडलीही असती, कुणाची आई, कुणाची सासू, खडीच्या ढिगाशी बसलेली. ती अशी साधी बाई निघाली असती, तरी माझं काही हरवलं नसतं. ती सुकडी मात्र आम्ही दोघांनी त्याच दिवशी, निघण्याआधी, देवापुढे ठेवून खाल्ली होती. तोवर मी समजत होते की देवावर भार टाकणं म्हणजे आपण हातपाय गाळून बसणं. आपल्या हातांनी जे होईल ते करतच राहायचं असतं, फक्त ते आपल्याच हातांनी होतंय हा हट्ट सोडायचा असतो. एवढंच मला कळलं. दवाखान्याच्या पायरीवर कोवळ्या उन्हात नात मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा महाराजांकडे मागण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं.