खाऱ्या टाकीतलं गोडं पाणी

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं असं सगळे सांगतात, आणि केलं की त्यालाच हसतात. मी विजेच्या खात्यातून निवृत्त झालो आणि हॉलमध्ये शोकेस होतं तिथे खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. का बसवली, याचं सांगण्यासारखं कारण नाही. इंदूरला एका ओळखीच्यांकडे पाहिली, जिवंत प्रवाळ पाहिलं, आणि घरी येईपर्यंत ठरलं होतं. बायको म्हणाली, "शोकेस हलवा, टीव्हीला हात लावू नका." एवढीच तिची अट.

उज्जैनमध्ये पाण्याला तोटा नाही असं लोक समजतात, पण ते पाणी पापं धुवायचं. समुद्राचं पाणी बादलीत करावं लागतं. त्याचं खास मीठ झाकणाच्या बादलीत मिळतं. इंदूरच्या दुकानदाराने ते बसमध्ये टाकून दिलं आणि मी देवास गेटच्या बसस्टँडवर उतरवून घेतलं. रिक्षावाल्याने बादली उचलली, झाकणावरचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, इतना नमक? अचार की फैक्ट्री डाली क्या?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर घरापर्यंत प्रश्न संपले नसते.

टाकीत मीठ-पाणी, वाळू आणि खडक घातले की लगेच मासे सोडता येत नाहीत. आधी खडकात जिवाणू वाढावे लागतात, माशांची घाण पचवणारे. त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर दिव्याखाली नुसते दगड. शेजारचे गृहस्थ रोज डोकावायचे. "भाईसाहब, मछली कब आएगी?" मी म्हणायचो, "पहले पानी पकेगा." "दही जमा रहे हो क्या?" ते हसून विचारायचे. त्यांना ठाऊक नव्हतं, पण प्रकार तसाच होता. विरजण लागलं की ढवळायचं नाही आणि घाई करायची नाही.

मग एकेक जीव आला. दोन नारिंगी मासे, काचेवर सरकणाऱ्या गोगलगायी, अंगावर लाल-पांढरे पट्टे असलेली एक कोळंबी. शेवटी प्रवाळ. खडकावर हिरव्या गुंड्या शिवल्यासारखा एक पट्टा आणि बाजूला बोटांसारखं हलणारं एक झुडूप. झुडूप म्हणायचं, पण तो प्राणीच. सकाळी दिवा लागला की थोड्या वेळाने गुंड्या उघडायच्या, संध्याकाळी मिटायच्या. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. मला भक्ती जमत नाही. सकाळी रांगा लावून दर्शनाला जाणारी माणसं पाहून माझा पारा चढतो. पण त्या गुंड्या उघडताना मी चहा गार होऊ दिलेला आहे, हे कबूल.

एक काम मात्र रोजचं होतं. माळव्यातल्या उन्हाळ्यात टाकी तापू नये म्हणून वर पंखा लावावा लागतो आणि पंख्याने पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून घट भरून काढायला रोज गोडं पाणी घालायचं, तेही फिल्टरचं. टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी असते, तिच्यात ते ओतायचं. म्हणजे वाकायचं. आणि माझ्या कमरेने त्याच वर्षी संप पुकारला.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. देवासला एकट्या राहायच्या. न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ तशाच पडून होत्या. हाड मोडलं नाही, पण बायको घाबरली आणि जाऊन त्यांना घेऊनच आली. त्यांचा मुलगा बंगळूरला बाराव्या मजल्यावर. तिथे त्या एकदा राहून आल्या होत्या आणि "पायाखाली जमीनच नाही" म्हणून परतल्या होत्या. लेकीकडे राहणं त्यांना त्याहून जड. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा घरात त्या वाढल्या होत्या.

त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. देवासहून येताना तांब्याचा हंडा आणि कळशी बरोबर आणली. सकाळी खालच्या नळावर हंडा स्वतः भरायच्या, पायरीपायरीवर थांबत वर आणायच्या आणि दिवसभर त्यातलंच प्यायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, पाणी घरातलंच झालं की हो." तर म्हणाल्या, "नळ सरकारचा, हंडा माझा. लेकीचं काय आलं त्यात?" वकिलाच्याही तोंडात मारेल असं उत्तर होतं.

आठवडाभराने त्यांनी दुसरं बजावलं. "जावईबापू, मी पाहुणी म्हणून नाही राहणार. काहीतरी काम द्या. नाहीतर मला देवासच्या बशीत बसवून द्या." स्वयंपाक बायको करू देत नव्हती, भांड्यांना बाई होती. देवासला परतणं म्हणजे तीच न्हाणी आणि तोच एकटेपणा. बायको रडवेली झाली. मग मी टाकीचं काम त्यांना दिलं. कपाटासमोर पाट टाकायचा, बसायचं, खुणेच्या रेघेपर्यंत गोडं पाणी ओतायचं. त्यांनी विचारलं, "खाऱ्यात गोडं घालायचं?" मी कारण सांगितलं. "म्हणजे आमटी आटली की घालतो तसं," त्या म्हणाल्या. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. फोनवर मुलाला सांगायच्या, "अरे, फुरसत कुठेय? इथे टंकी बघायची असते मला." पहाटे आंघोळ करून, मी फिरायला गेलेलो असताना, त्या पाणी घालून मोकळ्या व्हायच्या. मी परतेपर्यंत पाट उभा करून ठेवलेला असायचा. रेघ कधी चुकली नाही. मला बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही. घरात माणूस वाढल्याचा त्रास होण्याऐवजी कंबर मोकळी झाली होती.

काही आठवड्यांनी कोळंबी मेली. मग गोगलगायी काचेवरून गळून वाळूत पडायला लागल्या. हिरव्या गुंड्या दिवा लागला तरी उघडेनात. मासे मात्र ठणठणीत, खायला पुढे.

माझा पहिला संशय पिठावर गेला. सासूबाई एकादशीला रामघाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. इथले सगळेच घालतात, पुण्याचं काम आहे. टाकीत नको असं सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी मी सरळ विचारलं, "आई, टाकीत कणकेच्या गोळ्या टाकल्या का?" त्यांचा चेहरा उतरला. "घर सोडून आलेय, जावईबापू, अक्कल नाही सोडून आले. तुम्ही एकदा मना केलं, झालं." संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. खोलीतून बॅगेच्या चेनचा आवाज आला. बायको आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. "आज थांबली आहे," ती म्हणाली. "आता पुन्हा काही विचारलंत, तर ती जाईल आणि मी तुम्हाला माफ करणार नाही."

इंदूरच्या दुकानदाराला फोन केला. त्याने लक्षणं ऐकली आणि म्हणाला, "सर, कॉपर चेक करो. मछली झेल जाती है, बाकी सब मर जाता है." त्याने तपासायचं औषध पाठवलं. नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकले आणि पाण्याला रंग चढला. तांबं होतं. माझा सगळा जन्म तांब्याच्या तारांत गेला, तेव्हा मी आधी तारा तपासल्या. पंप उघडला, दिव्याची वायर चाचपली, प्लग काढून पाहिले. कुठेही तांबं उघडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आलो. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. ओले केस, पदर खोचलेला. हातात त्यांची तांब्याची कळशी. चिंचेने घासून लख्ख केलेली, फिल्टरच्या पाण्याने भरलेली. मला पाहून म्हणाल्या, "फिल्टरचं पाणी मेलेलं असतं. म्हणून रात्री हिच्यात भरून ठेवते. सकाळी जान येते त्याला. बिचारे समुद्र सोडून आलेत, त्यांना तरी चांगलं पाणी मिळू दे."

मी चष्मा घेतला आणि फिरायला गेलो. कोठी रोडवर झाडाखाली बसून राहिलो. राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. स्वतः जसं पाणी पीत होत्या, तसंच त्यांनी टाकीला दिलं होतं. फिल्टरचं पाणी तांबं जास्त ओढतं, रात्रभरात पुरेसं ओढतं, आणि प्रवाळाला ते विष असतं. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, कारण मला सुचलंच नव्हतं.

घरी येऊन बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली. मग म्हणाली, "सांगाल तर बॅग भरेल. नाही सांगाल तर टंकी जाईल. बघा तुमचं तुम्ही." बायकोचं हे असं असतं. निवाडा मागायला जावं आणि खटला घेऊन परतावं.

मी खोटं बोललो. प्लास्टिकची एक पांढरी बालदी आणली आणि म्हटलं, "आई, दुकानवाला म्हणतो फिल्टरमधून काढलं की लगेच ओता. शिळं पाणी चालत नाही." त्यांनी बालदी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. मी टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं बदलत राहिलो, तांबं शोषणाऱ्या गाळण्या बसवल्या. मिठाच्या दोन बादल्या आणखी आल्या. ते झुडूप वाचलं नाही. विरघळून गेलं, मागे पांढरा डाग राहिला. मला त्याचं वाईट वाटलं, अगदी माणसासारखं नाही, पण वाटलं.

सासूबाई बालदीने पाणी घालत होत्या. रेघ चुकत नव्हती. पण फोनवर आता टाकीचं नाव निघत नव्हतं.

एका दुपारी मी खुर्चीत होतो. त्या येऊन काचेजवळ उभ्या राहिल्या. पांढऱ्या डागाकडे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की काय होतं?"

"कळकतं," मी म्हणालो. पुढे काय येणार हे मला कळलं होतं.

"कळकतं. हिरवं होतं. प्यायलं तर उलट्या. सासरी आल्यावर सासूने पहिलं हेच शिकवलं मला. आंबट ठेवू नकोस, खारट ठेवू नकोस. साधं पाणी तेवढं ठेव. मला वाटलं, मी तर साधंच पाणी ठेवतेय. ते जातंय कुठे, याचा विचार नाही केला." त्यांनी काचेला बोट लावलं. "कळकली ना तुमची टंकी?"

खोटं बोलायला वेळ होता, पण मी बोललो नाही. "हो," म्हणालो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही गेला असतात."

त्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी धातूचं जमिनीवर ठेवल्याचा. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात धुतलेला पेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आता बॅग बाहेर येणार, देवासची बस कितीची, हे मी मनात जुळवायला लागलोसुद्धा.

त्या बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हातांत जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं. जड होतं, मांडीवर टेकवत आणत होत्या. खुर्चीपाशी आणून ठेवलं, तेव्हा एका कोपऱ्यातून हंड्याची कड दिसली.

"हे माळ्यावर टाका," त्या म्हणाल्या. "कळशी पण आहे आत. दिसली तर हात जाईल पुन्हा."

"हंडा कशाला, आई?" बायको म्हणाली. "हंड्याने काय केलंय? तू प्यायचं काय मग?"

सासूबाईंनी गाठोडं भिंतीकडे सरकवलं. मग स्वयंपाकघरात गेल्या, बायकोच्या हातातला पेला घेतला आणि आमच्या फिल्टरची तोटी सोडली. पेला भरला. नेहमी वरून ओतून पिणाऱ्या बाई, पण तो त्यांनी ओठाला लावला आणि उभ्या उभ्या सगळा संपवला.

"मिळमिळीत आहे अगदी," त्या म्हणाल्या, आणि पेला पुन्हा तोटीखाली धरला.