दुसरा कप

पोलीस खात्यात सगळे त्याला भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब, पाठीमागे नुसतंच भिंग. संशयास्पद मृत्यूची वर्दी आली की बाकीचे प्रेताकडे धावत आणि ही स्वारी थेट स्वयंपाकघरात. ओटा, मोरी, डबे, भांडी. एकट्या माणसाचं घर त्याला पाठ होतं, कारण त्याचं स्वतःचं तसंच होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी परगावी, रविवारी फोन करायची, तोही पाच मिनिटांचा.

त्या गल्लीत दोन महिन्यांत तीन म्हातारी माणसं गेली. तिघंही एकटी, अंगावर ओरखडा नाही. पहिल्या दोघांच्या वेळी कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या आजींच्या घरी मात्र भिंगला ओट्यावर दोन कप दिसले, धुऊन पालथे घातलेले. एकट्या बाईला दोन कप कशाला लागतात? कुणीतरी चहा पिऊन गेलं होतं आणि मागे खूण नको म्हणून कपही धुऊन गेलं होतं.

शेजाऱ्यांनी बोट दाखवलं ते निवृत्त नर्सबाईंकडे. दर मंगळवारी त्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे जात, ब्लडप्रेशर बघत, घटकाभर गप्पा मारत. पैसे घेत नसत. फुकट कोण कुणासाठी झिजतं, असं म्हणत गल्लीने त्यांना तेवढ्यात खुनी ठरवूनही टाकलं.

"तिघांकडेही जायचे मी," नर्सबाई म्हणाल्या. "पण आजी गेल्या त्या दिवशी नाही गेले. ताप होता मला."

"मग दुसरा कप कोणी धुतला?"

त्यांना कोठडीत टाकलं.

दोन दिवसांनी भिंग आजींच्या घरचे फोटो चाळत होता. फोटोग्राफरने आत शिरताच काढलेल्या फोटोत ओट्यावर एकच कप होता. अर्ध्या तासाने काढलेल्या फोटोत दोन. भिंगने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि त्याला आठवलं. मधल्या वेळात त्याने आपली दुपारची गोळी घेतली होती. फळीवरचा कप काढून पाणी प्यायला आणि रोज घरी करतो तसा तो विसळून पालथा घातला. हाताने परस्पर केलं, डोक्याला पत्ताच नाही.

तो तडक साहेबांकडे गेला.

"वेड लागलंय का?" साहेब म्हणाले. "तीन आठवड्यांत तपासणीचा अहवाल येईल. निर्दोष असली तर सुटेलच की ती. तुमचे नोकरीचे सहा महिने राहिलेत, कशाला स्वतःची शोभा करून घेता?"

"तीन आठवडे ती बाई आत बसेल, साहेब."

त्याने लेखी दिलं. नर्सबाई त्याच दुपारी सुटल्या. खात्यात भिंगचं हसं झालं, ते त्याने मुकाट्याने गिळलं. पुढे अहवाल आला. आजीही पहिल्या दोघांसारख्याच हृदयविकाराने गेल्या होत्या.

तो माफी मागायला नर्सबाईंच्या घरी गेला. दार साखळीपुरतंच उघडलं.

"तुम्ही खरं बोललात, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण आता मी नाही जायची कुणाकडे. आणि गेले तरी दार कोण उघडणार?"

भिंगने गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, बाई निर्दोष आहेत, चूक माझी होती. लोकांनी माना डोलावल्या. नर्सबाईंना बोलवायला मात्र कुणी गेलं नाही.

पाच आठवड्यांनी त्याच गल्लीतून वर्दी आली. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा, घड्याळं दुरुस्त करायचे. दार तोडावं लागलं. न्हाणीघरात पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

"पडले असतील रविवारी," डॉक्टर म्हणाले. "जीव मात्र बुधवारी गेलाय. मधे कुणी डोकावलं असतं तर वाचले असते."

"पूर्वी त्या नर्सबाई यायच्या," दारातून शेजारीण म्हणाली. "हल्ली का बरं येत नाहीत?"

भिंगला तिच्याकडे बघवेना. आपल्यामुळे हा माणूस तीन दिवस हाका मारत पडला होता, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय हो, संशयास्पद काही?"

हो म्हणावं, आपलंच नाव सांगावं, असं त्याला फार वाटलं.

"नाही, साहेब," तो म्हणाला.