बिजलीचं काम कोणाला द्यायचं

आनंदराव टेंभुर्णे चाळीस वर्षं नाटकात होते, पण प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही. ते प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की भंडाऱ्याकडं गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि मंडईला नाटक लागतं. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला कोणालाच सवड नसते. मग पडद्याच्या कडेला वही घेऊन बसलेल्या माणसावर सगळी भिस्त. आनंदरावांचा आवाज असा बसला होता की चार हातांवरच्या नटाला स्पष्ट ऐकू जाई आणि पहिल्या रांगेला पत्ता लागत नसे. कोण कुठं अडखळणार हे त्यांना नटाच्या मानेवरून कळायचं. गाणं आलं की ऑर्गनवाल्याला बोटानं खूण करायची, ती ते वहीवरची नजर न काढता करत.

हंगाम संपला की ते वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं माल चढवायच्या कामावर जात. सायकलनं जाणं, सायकलनं येणं. साठी उलटल्यावर ते काम सुटलं. नाटक तेवढं राहिलं. नाटकाबद्दल त्यांनी कधी मत दिलं नाही. वहीत जे असेल ते वाचायचं. चांगलं-वाईट ठरवणं आपलं काम नाही, असं ते बायकोला, सत्यभामाबाईंना, म्हणत.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेतले धनंजय सर घरी आले. शहापूरचा महामार्ग सोडून आत गेलं की हे गाव लागतं, शाळा चौथीपर्यंत. सर तरुण, साकोलीकडचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरसाली सिनेमाच्या गाण्यांवर नाच होत. यंदा आपल्या भागातलं संगीत नाटक मुलांकडून करून घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी नाटकही निवडलं होतं, ‘उंबरठ्यातली बाटली’. त्याच वर्षी मंडईत ते लागलं होतं, आणि पडद्याकडेला आनंदरावच होते.

“काका, वही तुमच्याजवळ आहे. तीन तासांचं एका तासात बसवून द्या. व्यसनमुक्तीचा विषय आहे, मॅडमही नाही म्हणणार नाहीत.”

आनंदरावांनी वही काढून दिली. पण मॅडम नाही म्हणाल्या. म्हणजे तशा म्हणाल्या नाहीत, पालकांची सभा बोलावली.

मुख्याध्यापिका रश्मी मॅडमनी सभेत नाटकाची गोष्ट सांगितली. एक बाप दारूला लागतो. बिजली नावाच्या नाचणाऱ्या बाईच्या नादी लागतो. बायकोला मारतो. त्यांची लहान मुलगी दारात बसून बापाची वाट पाहत गाणं म्हणते. शेवटी बायको तलावात जीव देते आणि बाप शुद्धीवर येतो.

शाळा समितीचे अध्यक्ष श्यामराव यांचं हातमागाच्या कापडाचं जुनं दुकान होतं. त्यांची नात रंजिता चौथीत. ते उठून उभे राहिले.

“दारू आहे, लफडं आहे, मार आहे, जीव देणं आहे. राह्यलं काय? हे पोट्टे करतीन हे नाटक?”

“हेच पोट्टे मंडईत ताडपत्रीवर सगळ्यात पुढं बसून पाहतात, श्यामरावजी,” धनंजय सर म्हणाले. “अर्धे संवाद त्यांना आत्ताच पाठ आहेत.”

“पाहणं वेगळं, करणं वेगळं.”

मागं बसलेल्या तृप्तीला राहवलं नाही. तिची प्रतिक्षा चौथीत होती आणि शाळेतली प्रार्थना तीच सांगायची. “मागच्या साली माह्या पोरीले कंबर हालवाले लावली गाण्यावर. त्या गाण्यात काय काय होतं, मी कानानं ऐकलं. तवा कोणी सभा नाई घेतली. आता दारू वाईट म्हणून राहिले तं सभा घेऊन राहिले.”

बराच वेळ असं चाललं. दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी मॅडम सभेला मुद्दाम बोलावलेल्या आनंदरावांकडं वळल्या. “तुम्ही हे नाटक सर्वांत जास्त वेळा वाचलंय. तुम्हीच सांगा, चौथीतल्या मुलांनी करावं का?”

असा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता. “मले दोन दिवस द्या,” ते म्हणाले.

त्यांना आठवली होती ती त्यांची बहीण, उर्वशी. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. चाळीसेक वर्षांपूर्वी याच शाळेत गुरुजींनी मोठ्यांचं एक नाटक मुलांकडून बसवलं होतं. त्यात मैना नावाची एक ठेवलेली बाई होती. सहा वाक्यं आणि एक गाणं. गाता आणि नाचता येणारी मुलगी शाळेत एकच, म्हणून काम उर्वशीला मिळालं. ती तेव्हा तिसरीत, नऊ वर्षांची. ते सहा संवाद तिच्याकडून आनंदरावांनी घोटून घेतले होते आणि त्या दिवशी पडद्याकडेला बसून आयुष्यातलं पहिलं प्रॉम्प्टिंग त्यांनीच केलं होतं. गाणं फार रंगलं. वन्स मोअर मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून गाव तिला मैना म्हणू लागलं. विहिरीवर मैना, वाटेत मैना. ती अठराची झाली तेव्हा तुमसरचे पाहुणे तिला पाहायला आले, आणि चहा चालू असताना अंगणातून एक पोरगा ‘मैना’ म्हणून ओरडत गेला. पाहुण्यांनी विचारलं, घरच्यांनी हसून सांगितलं, पाहुणेही हसले. त्यांचा निरोप मात्र पुन्हा आला नाही. कारण हेच होतं की दुसरं, ते कोणाला कळलं नाही. पुढं वरठीत तिचं लग्न झालं, घर नीट चाललं. पण गाताना तिला परत कोणी ऐकलं नाही. या गोष्टीवर भावाबहिणीत कधी बोलणं झालं नव्हतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव सायकल काढून वरठीला गेले. उर्वशीबाई गच्चीवर वड्या वाळत घालत होत्या. आनंदरावांनी शाळेची सगळी हकिकत सांगितली.

“मंग माह्याकडं कायले आला, भाऊ?”

“तुले इचाराले. ते मैनेचं काम तुले देलं होतं... ते चुकलंच न आपलं?”

उर्वशीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. आनंदरावांना वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही, उलट वैतागली.

“मैना झाली त्याचं मले काईच वाईट नाई वाटलं. गाणं चांगलं होतं. लोकं टाळ्या वाजवत होते, मी कायले रडू? पुढच्या साली शाळेत राणीचं नाटक होतं, आठवते का तुले? मले राणी व्हाचं होतं. गुर्जीले म्हणलं मी. गुर्जी म्हणे, मैनेले राणी कोण म्हणीन? तवापासून कोणी काईच काम नाई देलं मले. तूही नाई म्हणलं, का इले राणी करा.”

“मले मालूमच नव्हतं.”

“तू इचारलं कुठं?”

परतीच्या वाटेवर त्यांना हेच आठवत राहिलं की राणीच्या नाटकालाही वही त्यांच्याच हातात होती. राणीचे संवाद त्यांनी दुसऱ्याच मुलीला पुरवले होते. उर्वशी त्या दिवशी कुठं बसली होती, ते काही केल्या आठवेना.

सोमवारी ते शाळेत गेले आणि मॅडमपुढं उभे राहिले. बोलायची सवय नसल्यानं त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. नाटक करावं. पण कोणतंच काम एका लेकराचं नसावं. सगळी मुलं शाळेच्या गणवेशात राहतील. बापाचं काम ज्याच्या खांद्यावर दुपट्टा त्याचं. आईची हिरवी ओढणी, बिजलीची लाल, मुलीच्या वेणीला पिवळी रिबीन. प्रवेश बदलला की वस्तू दुसऱ्याच्या हाती. आता जी बिजली, ती पुढच्या प्रवेशात आई. आता जो दारुडा, तो पुढं शाळामास्तर.

“लोकांना गोष्ट समजेल का?” मॅडमनी विचारलं.

“मंडईत समोरचा नट बिमार पडते, मधातच दुसरा येते. लोकं समजून घेतात, मॅडम.”

मॅडमनी आपल्या अटी घातल्या. बिजलीच्या गाण्याची दोन कडवी गाळायची. बापाने हात उगारला की तबला बंद, प्रवेश तिथंच संपवायचा. आणि तलाव नको. कोणत्याही मुलीला स्टेजवर जीव द्यायला मी लावणार नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या. आनंदरावांनाही ते पटलं.

विरोध आला तो भलतीकडून. सभेत नाटकाची बाजू घेणारी तृप्तीच तालमीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन धडकली. “प्रतिक्षा पोरीचं काम करीन. गाणं तिलेच येते. बिजली-फिजली नाई बनणार माही पोरगी.”

“आई, बिजलीचं गाणं मस्त आहे,” प्रतिक्षा मधेच म्हणाली.

“तू चूप राह्य.”

आनंदरावांनी तृप्तीला बहिणीची गोष्ट सांगितली नाही. ती सांगायचा अधिकार आपला नाही, असं त्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, “बाई, एकटी झाली तं नाव चिकटते. सगळ्याच झाल्या तं कोणाले चिकटवतीन?”

“श्यामरावजीची नात होते का? ते आधी इचारा.”

धनंजय सर दुकानात गेले. श्यामरावांनी बराच वेळ गिऱ्हाईक केलं आणि मग म्हणाले, “सगळ्याच पोरी होत असतीन तं आमची काय आकाशातून पडली? होऊ द्या. पण दुपट्टा मी दुकानातून देतो, तो फाटका नका आणू.” रंजिता बिजली होणार म्हटल्यावर तृप्तीचा विरोध मावळला.

खरी अडचण निघाली शेवटाची. तलाव काढला तर आई जाते कुठं? “ती तलावातच जाते, आजोबा, आम्ही पाहिलं,” मुलं ठणकावून सांगू लागली. वहीत दुसरा शेवट नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणाऱ्या माणसाला आता स्वतः लिहायचं होतं. दोन दिवस काही सुचलं नाही. एकदा त्यांनी लिहिलं की बाप पाया पडतो आणि आई माफ करते. पण सत्यभामाबाईंनी ते ऐकून नाक मुरडलं. “इतक्या लवकर कोणी माफ करते का? मी नसतं केलं.”

मग त्यांनी लिहिलं ते असं: आई मुलीला घेऊन भावाच्या घरी निघते. बाप दारात आडवा येतो. आई म्हणते, ‘उंबरठा तुमचा, बाटली तुमची. पोरगी माही.’ आणि दोघी जातात. सगळे मिळून अकरा संवाद. मुलांनी ते ऐकले. एका पोरानं विचारलं, “मंग बाप काय करते?” “ते नाई लिहिलं मी,” आनंदराव म्हणाले. मुलांना ते चाललं.

स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटी दुपारी झालं. मंडप गच्च भरला होता. आनंदराव वही घेऊन कडेला बसले. पण एकाही मुलाला शब्द द्यावा लागला नाही. सगळ्यांना सगळ्यांचं काम पाठ होतं. एकदा लाल ओढणी रंजिताच्या क्लिपात अडकली, ती सोडवायला दोन पोरी धावल्या, आणि काही वेळ मंचावर तीन बिजल्या दिसत होत्या. लोक हसले. पण हात उगारला गेला आणि तबला थांबला तेव्हा मंडपात कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटाला मात्र मागून दोघं-चौघं ओरडले, “तलाव कुठं गेला?” मुलं थांबली नाहीत.

नंतर तक्रारी आल्याच. आपलं लेकरू नेमकं काय होतं ते फोनवरच्या व्हिडिओत समजत नाही, असं काही आयांचं म्हणणं होतं. दुपट्टा घेतलेल्या एका पोराची चाल हुबेहूब शेजाऱ्यासारखी होती, म्हणून तो शेजारी महिनाभर शाळेवरून गेला नाही. केंद्रप्रमुखांनी, असा विषय लहान मुलांना योग्य आहे का, असं मॅडमना विचारलं. “मला अजून नक्की सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. उन्हाळ्यात धनंजय सरांची बदली झाली. यंदा स्नेहसंमेलनात पुन्हा नाच झाले.

उर्वशीबाई त्या दुपारी आल्या होत्या. नाटक संपल्यावर थांबल्या नाहीत. जाताना भावाला एवढंच म्हणाल्या, “गाणं लय उंच पट्टीत घेतलं तुमी. लेकरायले तरास झाला.”

त्याच साली एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. वरठीच्या बुद्धविहारात चौदा तारखेला बायकांचा भीमगीतांचा कार्यक्रम आहे, ये. का ये, ते सांगितलं नाही. आनंदराव दुपारच्या उन्हात सायकलनं गेले. बसायला जागा शोधताना त्यांचे पाय सवयीनं मंचाच्या कडेकडं वळले, पण एका कार्यकर्त्यानं त्यांना खुर्ची दाखवली, म्हणून ते समोर बसले. पांढऱ्या साड्यांतल्या आठ बायकांत उर्वशी मधोमध उभी होती. तिनं दोन गाणी म्हटली. तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज फाटला. तेव्हा शेजारच्या बाईनं तिच्या हातून माईक घेतला आणि कडवं पुढं नेलं. उर्वशी पाणी प्यायली आणि धृपदाला परत उभी राहिली.