माटोळीसारखी वेबसाइट

गोव्यातल्या आमच्या साखळी गावात शेजारच्या काकांनी आयुष्यात कोणाला एकच वस्तू कधी दिली नाही. लिंबू मागायला जावं, तर त्याच्याबरोबर कढीपत्ता, अर्धा नारळ, दोन उंडे पाव आणि पिशवीच्या तळाशी एखादी जुनी छत्रीसुद्धा यायची. "लागता गो बाय," एवढंच म्हणायचे. मला नको म्हणता येत नाही, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याच छत्र्या जास्त. चवथीला वाड्यावरची माटोळीही तेच बांधायचे. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीला इतकी रानफळं टांगायचे, की खालचा गणपती मला थोडा घाबरलेला वाटे.

लोकांच्या वेबसाइटही ते अशाच बनवायचे, मी मदतीला. थीम म्हणजे साइटचं रूप आणि प्लगइन म्हणजे तिची कामं करणारे छोटे प्रोग्राम. दोन्ही वेगळी ठेवायची असतात. काका मात्र बुकिंग, फोटो, भरती-ओहोटी, सगळं थीमलाच बांधून टाकायचे. आणि वर मोरजीच्या किनाऱ्यावरची कासवं. साइट उघडेपर्यंत ती निळ्या पडद्यावर सावकाश पोहत राहायची आणि मी बघत बसायची. एकदा हळूच म्हटलं, "काका, प्लगइन वेगळे ठेवूया?"

"वेगळे कशाक? माटोळीचो नारळ कोण वेगळो टांगता?"



मग हरमलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एका वयनीने, म्हणजे वहिनीने, काकांनीच बनवलेल्या आपल्या भाड्याच्या खोल्यांच्या साइटला नवी थीम घातली. चौकट उतरली आणि तिला बांधलेलं सगळं दिसेनासं झालं. बुकिंगचं वयनीला एवढं नव्हतं. पण एका पानावर तिचा नवरा होडीवरून परतला की पाहुण्यांसाठी दर्याची खबर लिहायचा. तो आता नाही.

"काका, तेचा लिवलेला खंय गेला हो?" फोनवर तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

काकांनी फोन माझ्याकडे दिला. मीच सांगितलं, शब्द आत तसेच आहेत, ते दाखवणारा प्लगइन तेवढा जुन्या थीमबरोबर गेला.

"मगे तेवढोच काड," काका म्हणाले.

मी तो एकटाच सोडवून तिच्या साइटवर बसवला. पान उघडलं. 'आज दर्या शांत. पोहायला हरकत नाही.' फोनवर पलीकडून नुसत्या लाटा ऐकू येत राहिल्या.

निघताना मी लिंबू मागितलं. काकांनी माझ्या हातावर एक लिंबू ठेवलं. फक्त लिंबू. वाटेत आभाळ भरून आलं, आणि मला पहिल्यांदाच त्यांची छत्री हवीशी वाटली.