राजापेठेतलं तुर्की अंजीर

खाली पडलेलं कच्चं अंजीर उचलायचं, अंगठ्याच्या नखानं मधोमध चिरायचं, चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावायचं आणि म्हणायचं, "नाही आलं कोणी." आमच्या शाळेतले हे निवृत्त विज्ञानशिक्षक उन्हाळ्यात रोज सकाळी एवढं केल्याशिवाय चहा घेत नसत. मी त्याच शाळेत मराठी शिकवलं आणि राजापेठेत त्यांच्या समोरच्याच घरात राहतो, म्हणून हे सगळं मला फुकटात पाहायला मिळालं. आम्ही दोघं एकमेकांना सरच म्हणत आलो.

दुसऱ्याच्या चुका काढणं हा त्यांचा स्वभाव. "चूक," म्हणून आधी थांबवायचे, मग समजवायचे. लग्नाच्या पंगतीत कोणी अंजीर बर्फीला फळाची मिठाई म्हटलं, तर तिथंही. "चूक. फळ नाही थे, फुलं आहेत. आतल्या आत उमलतात, म्हणून दिसत नाहीत." लोक बर्फी हातात धरून ऐकत बसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शेजारी बसायला नको वाटतं, आणि नसली तर पंगत अळणी लागते.

झाड तुर्कस्तानचं. तिकडं नोकरीला असलेल्या एका विद्यार्थ्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी आणून दिली होती. पुण्याकडचं अंजीर आपलं आपण पिकतं. या जातीला मात्र चिलटाएवढी एक माशी लागते. ती रानटी अंजिरातून निघून याच्यात शिरली तरच फळ टिकतं, नाही तर सुपारीएवढं होऊन गळतं. सात-आठ उन्हाळे ते गळतच होतं.

"अमेरिकेतही हेच झालं," ते सांगत. "तुर्कस्तानातून झाडं नेली, बागा लावल्या, अन् फळं गळून राहिली. तुर्की शेतकरी झाडाले रानटी अंजिराच्या माळा बांधतो, हे त्यायले सांगितलं तर हसले. म्हणे अडाण्यांची अंधश्रद्धा. शेवटी माशीच न्यावी लागली, तवा पिकलं."

पुढं त्यांच्या मुलानं गाडी घेतली आणि ती लावायला अंगणात जागा उरली नाही. मुलगा वाईट नाही. त्यानं स्वच्छ सांगितलं, "बाबा, या उन्हाळ्यात एक फळ पिकवून दाखवा. नाही तर झाड काढू."

सर पेटले. रानटी अंजीर इथं कुठलं मिळायला! बडनेरा रस्त्यावरच्या झाडाची पिशवीभर उंबरं तोडून आणली. उंबर फोडलं की आतून चिलटासारखी केंबरं उडतात, त्यांच्यावर सगळी भिस्त. "उंबराचं केंबर अंजिरात जात नाही, असं तुम्हीच सांगत होता ना?" मी विचारलं.

"पुस्तकात आहे तसं. पण पुस्तक लिहिणारा राजापेठेत येऊन पाहून गेला काय?" असं म्हणून ते उंबरं दोऱ्यात ओवायला बसले.

नेमका तो गुरुवार होता. उंबर म्हणजे दत्ताचं झाड. पलीकडच्या काकूंना फांद्यांवर उंबराच्या माळा दिसल्या, आणि त्या हळदकुंकू घेऊन आल्या. पुढच्या गुरुवारी पाच जणी. सरांनी वैतागून पाटी टांगली: परागणाचा प्रयोग सुरू आहे. संध्याकाळपर्यंत पाटीलाही कुंकू लागलं होतं. मी हसलो, तर माझ्यावरच चिडले. "माझ्या बापानं छप्पन्न साली हे सगळं सोडलं, सर. अन् आता माझ्याच अंगणात?" त्यांच्या मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

फळं गळायची ती गळलीच. मे संपता संपता झाड तोडणारे दोघं मशीन घेऊन आले. बुंध्याचं कुंकू पाहिलं आणि मशीन खाली ठेवलं. "पूजेचं झाड आहे साहेब. आमी नाही तोडत."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा यांना. पूजा नाही, प्रयोग आहे म्हणून."

सगळे सरांकडं पाहू लागले. उभी हयात लोकांच्या चुका काढलेला माणूस. 'चूक' म्हणण्यापुरते त्यांचे ओठ उघडलेही. मग ते झाडाकडं वळले, सुटत आलेली एक माळ घट्ट बांधली आणि म्हणाले, "ऊन फार आहे. चहा घेऊन जा तुमी."

त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. मला त्या दिवशी ते फार आवडले होते. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मुलाची गाडी अजून रस्त्यावरच उभी असते.

परवा गुरुवारी काकूंची नवी सून उंबराची माळ घेऊन आली. मी झाडाखालचं एक अंजीर नखानं चिरून पाहत होतो. कोणी आलं नव्हतं.

"सर, इथं उंबराची माळ कावून बांधतात जी?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

"त्या वरच्या फांदीले बांध," मी म्हणालो. "तिकडं फळं जास्त आहेत."