गप्प झालेली गाडी

गाडी गप्प झाली म्हणून विलास पेढे घेऊन आला, आणि मला घाम फुटला.

सकाळचे नऊ वाजले असतील. हिंगोलीत युसूफभाईंच्या गॅरेजसमोर ती पिवळी गाडी येऊन उभी राहिली, नेहमीपेक्षा चार हात पुढे जाऊन. एरवी गाडीच्या आधी तिचा आवाज यायचा. ब्रेक दाबला की चारही चाकांतून अशी किंकाळी निघायची की समोरच्या हॉटेलातली माणसं बशी खाली ठेवायची. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. विलासनं पेढ्यांचा पुडा युसूफभाईंच्या हातात दिला.

"मिस्त्री, मानलं तुमाला. कालपासून एक आवाज न्हाई. अन् ब्रेक कसा, लोण्यावाणी."

युसूफभाईंनी पेढा तोंडात टाकला नाही. माझ्याकडे पाहून ते हळूच म्हणाले, "सर, हमने तो दस दिन से इसको हात नई लगाया."

मी तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो, म्हणजे वर्गात गाड्या शिकवणारा मास्तर. गाड्या खऱ्या दुरुस्त करायचे ते युसूफभाई. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पुस्तकात काय लिहिलंय ते मी सांगायचो, ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग आपल्या पद्धतीनं करायचे. बहुतेकदा दोन्ही एकच निघायचं.

युसूफभाई जाऊन आता चार महिने झाले. चाळिसाव्याला त्यांच्या घरी बसलो होतो, तेव्हा या गाडीची गोष्ट निघाली. एकानं सांगितलं की मिस्त्रीनं गाडीच्या चाकाशी वाकून काहीतरी म्हटलं आणि आवाज बंद झाला. दुसऱ्यानं बैलांची संख्या सहावर नेली. मी तिथे होतो. बैल दोनच होते. म्हणून लिहून ठेवतो.

विलास कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. रस्त्यांचा कंत्राटदार. जिल्हा नवा होता, कामं निघत होती. आधी त्यानं टिपर घेतला, मग रोलर, मग मुंबईत कुणाकडून तरी ही परदेशी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. दिवसभर तो रस्ते करायचा आणि संध्याकाळी ही गाडी चालवण्याजोगा रस्ता शोधायचा.

पेढे आणले त्याच दिवशी दुपारी त्याच्या धाकट्या भावाचं, सुनीलचं, लग्न होतं. मुलीचं गाव डोंगरकड्याच्या पुढे. साखरपुड्यात विलासनं चारचौघांत शब्द दिला होता, नवरदेव याच गाडीतून येईल. साखरपुड्यालाही गाडी किंचाळत आत शिरली होती. मुलीचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "गाडी परवडली, पण चाकाला तेल परवडलं न्हाई वाटतं पाव्हण्याला." मंडप हसला होता.

ब्रेक का ओरडतात ते आधी सांगतो. चाकाबरोबर लोखंडाची एक थाळी फिरते, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन जाड वड्या तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, ते पॅड. साध्या गाडीचे पॅड मऊ असतात. वेगाच्या गाडीचे कडक असतात आणि तापल्यावरच नीट काम करतात. थंड असले की डिस्कवर सरळ घासत नाहीत, थरथरतात. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की वर्ग कान झाकतो, तसंच हे. ती गाडी दोनशेच्या वेगावरून थांबण्यासाठी बनवलेली. आमच्याकडे ती शेळ्यांसाठी थांबायची. पॅड बिचारे तापणार कधी?

दहा दिवसांपूर्वी आम्ही जमेल ते केलं होतं. पॅडच्या कडा कानशीनं तिरक्या केल्या. पाठीला उष्णता सोसणारी पेस्ट लावली. मग पॅड डिस्कवर बसवावे लागतात. म्हणजे ऐंशीचा वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं दहा वेळा. कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर आम्ही हे करत असताना पाचव्या खेपेला एक ढाबेवाला बाहेर आला आणि काय पडलं म्हणून विचारू लागला. सातव्या खेपेला तो स्वतःच रस्त्यावर वाकून शोधत होता.

आवाज बराच कमी झाला. पण सकाळी, गाडी थंड असताना, थोडा राहणारच, तो त्या पॅडचा स्वभाव आहे, असं मी विलासला बजावलं होतं.

गाडी न्यायला तो आला तेव्हा सोबत त्याचे आजोबा होते, थावराबाबा. सगळं आयुष्य बैलगाडी हाकलेली. कापूस घेऊन जवळा बाजार या गावापर्यंत जायचे. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, काहून रडते वो ही?"

मी म्हणालो, "बाबा, कोरडं घर्षण आहे. कोरडी वस्तू कोरड्या वस्तूवर घासते, म्हणून आवाज."

उत्तर अगदी बरोबर होतं. त्यांनी बराच वेळ मान हलवली. मला बरं वाटलं.

तर त्या सकाळी आम्ही पेढे बाजूला ठेवून जॅक लावला. ब्रेक आपणहून कधी सुधारत नाही. आपणहून गप्प झाला तर त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. चाक काढलं. डिस्क आरशासारखी लख्ख असायला हवी. ती काळी आणि तुकतुकीत होती. युसूफभाईंनी बोट फिरवून नाकाशी नेलं.

"एरंडेल," ते म्हणाले. "अन् काजळी."

गाडीचं दुसरं दार उघडलं. इतका वेळ आत बसलेले थावराबाबा लग्नाचा फेटा सांभाळत बाहेर आले. "म्या लावलं," ते म्हणाले. "चारी चाकाला."

लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत त्यांनी बैलगाडीच्या वंगणाचा, एरंडेल-काजळीचा नळा काढला होता. काडीला चिंधी गुंडाळून चाकाच्या भोकांतून आत घातली होती. तांड्यावरच्या एका पोराकडून गाडी थोडी थोडी पुढे ढकलवून, एक जागा सुटू दिली नव्हती. गाडीवानाच्या हिशेबात कुरकुरणारं चाक म्हणजे धन्याची बेअब्रू. बैल रोड असले तरी लोक समजून घेतात, आखाला वंगण नसलं तर घेत नाहीत. त्यात मामानं भर मांडवात तेच ऐकवलेलं.

"मास्तर, तुमीच म्हणला न्हवं का, कोरडं घासून राहिलंय?" बाबा मला म्हणाले. "मग वलं केलं."

विलास मटकन बाकड्यावर बसला. तांड्यापासून हिंगोलीपर्यंत तो ही गाडी चालवत आला होता. वाटेत एका वळणावर ब्रेक दोनदा दाबावा लागला, एवढंच त्याला आठवत होतं.

मी समजवायला लागलो. घर्षण वाईट नसतं, ब्रेकमध्ये तेच आपल्याला हवं असतं, तेलानं त्याचा गुणांक घटतो वगैरे. बाबा पुन्हा मान हलवू लागले. युसूफभाईंनी माझ्या कोपराला हात लावला, मी थांबलो.

"बाबा," ते मराठीत म्हणाले, "भरलेली गाडी औंढ्याचा उतार उतरायची, तवा मागं काय बांधायचे तुमी?"

"लाकूड. चांगलं जड. घासत येतं, गाडी धरून ठेवतं."

"त्याला वंगण लावायचे?"

"येडा हाय का तू? लाकडाला वंगण लावलं तर गाडी बैलाच्या..."

वाक्य तिथेच राहिलं. बाबांनी डिस्ककडे पाहिलं, मग विलासकडे. फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हंजे म्या लाकडाला वंगण लावलं," ते म्हणाले.

दोन मिनिटांचं समजावणं होतं. मी ते दहा दिवसांपूर्वी करू शकलो असतो.

डिस्क पेट्रोलनं धुतल्या, स्वच्छ झाल्या. पण पॅड तेल पितात. वरून पुसलं तरी तापले की आतलं बाहेर येतं. नवे मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. गॅरेजच्या आवारात चालवून पाहिली. विलासनं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला, गाडी आपली जात राहिली. शेवटी जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून थांबली.

मी म्हणालो, ही गाडी आज चालणार नाही.

"सर, हळू नेतो. वरातीत कितीक वेग असतो? सगळं गाव पाहून राहिलं आमच्याकडं."

"विलास, वरातीत समोर माणसं नाचत असतात. त्यांची पाठ गाडीकडे असते."

युसूफभाईंनी सुचवलं, रोलर नेण्याचा तुझा ट्रेलर आहे, त्यावर चढवून वरात काढ. विलासला ते झोंबलं. "बिघडलेला रोलर नेतो तसा नवरदेव नेऊ व्हय?"

मग मला हँडब्रेक आठवला. त्या गाडीत मागच्या चाकांच्या आत, डिस्कच्या पोटात, ब्रेकचा एक छोटा वेगळा ड्रम होता. हँडब्रेकची तार त्यावर चालायची. बाबांची चिंधी तिथवर पोचली नव्हती. वेगात त्याचा उपयोग नाही, पण माणसाच्या चालीनं जाणारी गाडी तो धरू शकतो. आम्ही तीनदा तपासला. तरीही, इंजिन चालू करू देणार नाही, असं मी सांगितलं. इतकी ताकद आणि एवढासा ब्रेक, हे मला पटेना.

"मग वढणार कोण?" विलासनं विचारलं.

"माझे बैल हायेत की," थावराबाबा म्हणाले. "म्हाताऱ्या बायांची गाडी घेऊन येऊन राहिलेत तिकडं. अन् मागचं लाकूड मी बांधतो." थोडं थांबून म्हणाले, "कोरडं."

ताडपत्रीखाली झाकून, ट्रेलरवरून गाडी मुलीच्या गावाबाहेरच्या मंदिरापर्यंत नेली. तिथून मंडपापर्यंत सगळा उतार. पुढे बैलांची जोडी, शिंगांना झुलते गोंडे. मागे साखळीला बाभळीचा ओंडका. गाडीत दोनच जागा. स्टिअरिंगवर सुनील, बाशिंग बांधून. शेजारी हँडब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून मी, कारण तो किती ओढायचा ते युसूफभाईंनी मलाच शिकवलं होतं आणि स्वतः ते ओंडक्याबरोबर चालणार होते.

ती जागा करवलीची होती. सुनीलची धाकटी बहीण पूजा कलश घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि माझ्या ग्रीस लागलेल्या शर्टाकडे बघत म्हणाली, "सर, मेहंदी पण काढायची का तुमाला?" सगळ्या वाटेत ती खिडकीला चिकटून चालली आणि माझ्यावरची नजर तिनं हलवली नाही. व्हिडिओवाल्यानं नवरदेवाचं जेवढं चित्रण केलं, तेवढं माझंही झालं. नाइलाज होता त्याचा.

निम्म्या उतारावर बैलांची दोरी सैल पडली. याचा अर्थ गाडी त्यांच्यापेक्षा जास्त वेगानं येत होती. त्याच वेळी एक ताशेवाला मागं सरत सरत बैलांना चुकवून थेट आमच्या चाकापुढे आला. मी दांडा ओढला. मागून ओंडका खडखडला, युसूफभाई साखळीवर लोंबकळले, गाडी जरा आडवी झाली आणि थांबली. ताशेवाल्याची पाठ बंपरला टेकली. त्याला वाटलं कुणी लाडानं ढकललं, म्हणून तो आणखी जोरात वाजवू लागला. सुनीलनं मला विचारलं, सर, सगळं बराबर ना? मी हो म्हणालो.

मंडपाच्या दारात तो मामा उभा होता. त्यानं बैल पाहिले, गाडी पाहिली, ओंडका पाहिला. म्हणाला, "आवाज गेला की वो तुमच्या गाडीचा."

"तेल घातलं, पाव्हणं," थावराबाबा म्हणाले. "तुमीच म्हणला व्हता."

बैलांच्या वरातीचं त्या गावाला इतकं कौतुक वाटलं, की पुढच्या लग्नसराईत आणखी दोघांनी चांगल्या चालत्या गाड्यांना बैल जुंपले. आठवड्यानं नवे पॅड आले. थंड सकाळी गाडी पुन्हा ओरडायला लागली. कुणी तक्रार केली नाही.

लग्नाच्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही ट्रेलरच्या केबिनमध्ये बसलो होतो. युसूफभाईंनी खिशातून सकाळचा पेढा काढला, अर्धा मला दिला. म्हणाले, "सर, आप समझाते बराबर. मगर ये नई पूछते के सामनेवाला घर जाके क्या करेगा."

निवृत्त होईपर्यंत मी ब्रेकचा धडा शिकवला. धडा संपल्यावर व्याख्या विचारायची सोडून दिली. घरी जाऊन आधी काय कराल, एवढंच विचारायचो. दर वर्षी एक तरी पोरगं उभं राहून म्हणायचं, "सर, आवाज येतो तिथं जरा तेल सोडीन." मग मी फळा पुसून धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो.